एमजीएच्या मागच्या हाऊसिंगचं तेल: कवळ्याच्या शेडमधल्या नोंदी

गाडी एमजीए १५००, सन १९५८, उघडी दोन सीटची. माझ्या आतोबांनी पोर्तुगीज अमदानीत घेतलेली. गोव्यात तेव्हाही वाहनं डाव्या बाजूनंच चालायची, त्यामुळे स्टिअरिंग उजवीकडे आहे. इंजिन १४८९ सीसी, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन), म्हणजे आपल्या ॲम्बेसेडरच्याच घराण्यातलं. मागचं हाऊसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधलं गिअरचं लोखंडी कवच, बँजो पद्धतीचं, मधे गोल फुगलेलं; आतले क्राऊन-पिनियन गिअर ४.३ ला १. तेल बसतं सव्वादोन इंपीरियल पाइंट, म्हणजे १.२८ लिटर. हा आकडा आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी एक चूक नेमकी इथेच झाली.

एका सकाळचं काम सात आठवडे चाललं. ही जुनी इंग्रजी गाडी, किंवा तसलंच हाऊसिंग असलेली कुठलीही गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून रोजच्या रोज वहीत टिपलं होतं. तेच इथे उतरवतो आहे.

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

पावसाळाभर गाडी शेडमध्येच होती. फक्त चवथीच्या दिवसांत दोनदा बाहेर काढली, आणि त्यातल्या एका फेरीत बाणस्तारीच्या अलीकडे रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून न्यावी लागली. आज खालचा पुठ्ठा ओढून पाहिला तर हाऊसिंगच्या नाकाखाली, म्हणजे पिनियन असतं त्या पुढच्या टोकाखाली, तळहाताएवढा काळा डाग, आणि डाव्या चाकाच्या आतल्या बाजूलाही ओल. तेल बदलायचं ठरलंच होतं, म्हणून लगेच कामाला लागलो.

गाडी उचलण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडे हाताशी चिरे असतात आणि गाडीखाली चिरे लावायची सवयही असते. लावू नका. जांभा दगड भिंतीत पसरलेलं वजन पेलतो, पण एका टोकावर वजन आलं की भुगा होऊन बसतो. मी लोखंडी घोड्या वापरतो आणि जोडीला काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवतो. दुसरं म्हणजे या गाडीचा हँडब्रेक मागच्याच चाकांवर आहे. मागची बाजू उचलली की तो कामाचा राहत नाही, तेव्हा पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनी गुटके हवेतच.

हाऊसिंगला दोन प्लग. एक खाली, तेल सोडायचा. दुसरा मागच्या फुगवट्यावर, तेल भरायचा आणि पातळी बघायचाही तोच. आधी वरचा खोलायचा, मगच खालचा. वरचा उघडलाच नाही आणि खालून तेल सोडून बसलात तर गाडी जागेवरच अडकली.

वरचा हलला नाही. माझ्या गाडीत मूळचा प्लग नाहीच, कुणीतरी कधीतरी सहा सुती षटकोनी डोक्याचा बसवला आहे. त्याला वीस नंबरचा पाना लावून लावून कोपरे गोल झालेले. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, १९.०५ मिलिमीटर, म्हणजे एकोणीसचा पाना चालून गेला असता. सगळ्याच मापांचं असं जमत नाही. चार सूत म्हणजे १२.७, तिथे तेराचा पाना लावलात तर डोकं खाणारच. इंची पान्यांचा एक जुना संच घेऊन ठेवा.

जंगतोड फवारून आज थांबलो.

६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी तीन तास गेले, प्लग तसाच. पाइप रिंच लावला, तो घसरला आणि प्लगचं उरलंसुरलं कोपरंही खाऊन गेला.

फोंड्याहून मेस्त्री आले होते. ॲम्बेसेडर आणि जीपच्या काळातले, सत्तरीच्या आसपासचे, हात अजून नेमका. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, "अरे बाबा, ह्याच्यावर एक नट वेल्ड करूया. उष्णतेनं प्लग सैल पडेल आणि पान्याला धरायला जागाही मिळेल."

उपाय बरोबर आहे, जागा चुकीची आहे. या गाडीची पेट्रोलची टाकी हाऊसिंगच्या लगेच मागे, डिकीच्या खाली आहे. दहा गॅलनची. मी म्हटलं, "मेस्त्री, टाकी उतरवल्याशिवाय इथे ठिणगी नको." त्यांनी वाकून टाकी पाहिली आणि लगेच मान्य केलं. टाकी उतरवायची तर पट्टे, नळी, गेजची वायर आणि जुने बोल्ट, म्हणजे आणखी दोन दिवस. ते शेवटी बघू म्हटलं.

जाताना त्यांनी वेगळी वाट सांगितली: प्लगच्या तोंडावर पितळेच्या कांडीनं सरळ ठोके मारत राहा, रोज थोडे, आणि प्रत्येक वेळी जंगतोड फवारा.

९ ऑक्टोबर, बुधवार

तीन संध्याकाळी ठोकले, दर वेळी पन्नासेक ठोके. आज म्हापशाहून येताना अठरा नंबरचा सहा कोनी सॉकेट आणला, १६० रुपये. बारा कोनी घेऊ नका, त्याची धार गोल डोक्यावरून घसरते. प्लगच्या डोक्याला कानशीनं थोडा उतार दिला, अठराचा सॉकेट हातोड्यानं त्याच्यावर चढवला आणि लांब दांड्यानं हळूहळू ताण दिला. झटका दिला नाही. एकदम कट्कन आवाज आला. क्षणभर वाटलं डोकं तुटलं, पण प्लग फिरला होता.

भोकात करंगळी घातली. तेल करंगळीला लागलंच नाही. नियमानं ते भोकाच्या खालच्या कडेला टेकायला हवं.

हाऊसिंगमधले आटे शाबूत आहेत. प्लग मात्र गेला. नवा लेथवर करून घ्यायला नमुना दिला.

१२ ऑक्टोबर, दसरा

काम नाही. पाने, सॉकेट, जॅक सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं, झेंडूची फुलं वाहिली. आज हत्यारांना हात लावायचा नसतो. लेथवाल्याचंही दुकान बंद.

१३ ऑक्टोबर, रविवार

तेल गरम असताना सोडायचं असतं. दोन्ही चाकं जमिनीवर घेतली, वरच्या भोकात लाकडी बूच घट्ट ठोकलं आणि फर्मागुडीचा चढ दोनदा करून आलो. गार नव्वद नंबर (हाऊसिंगचं जाड गिअर तेल) मधासारखं ओघळत राहतं आणि तळचा गाळ आत तसाच राहतो.

खालचा प्लग सहज निघाला. जे बाहेर आलं ते तेलासारखं दिसतच नव्हतं. दूध जास्त झालेल्या कॉफीचा रंग. म्हणजे पाणी. मापाच्या भांड्यात भरलं ८०० मिलिलिटर. उरलेलं जवळजवळ अर्धा लिटर सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्यांमधून, कुठे कुठे गेलं होतं. प्लगच्या टोकाला राखाडी गाळ होता, बोटांत चोळला तर मऊ, कण टोचले नाहीत. तुकडे नाहीत हे पाहून जिवात जीव आला. या गाडीचं क्राऊन-पिनियन आज शोधायचं म्हटलं तर मला कुठून सुरुवात करावी तेही कळणार नाही.

आत पाणी होतं म्हणून धुणं भाग होतं. बरेच जण रॉकेल घालतात. मी घातलं नाही. रॉकेल दोन्ही बाजूंच्या नळ्यांत जाऊन बसतं, पुरतं बाहेर येत नाही, आणि नव्या तेलाला पातळ करतं. त्याऐवजी अर्धा लिटर नवंच नव्वद नंबर घातलं, चाकं हातानं दहा मिनिटं फिरवली आणि सोडून दिलं. तेही दुधी निघालं, पण बरंच फिकं.

जुनं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजला दिलं, त्यांच्याकडून जुनं तेल गोळा करणारा नेतो. आमच्या शेडपासून विहीर वीस पावलांवर आहे आणि मध्ये सगळा जांभा. वर ओतलेलं काहीही झिरपत कुठे जाणार ते सांगायला नको.

मग डावा ड्रम काढला. ब्रेक शूचे लायनर तेलानं काळे झालेले. ते धुऊन वापरता येत नाहीत, तापले की आतलं तेल पुन्हा वर येतं. दोन्ही बाजूंचे शू लायनर बदलायला दिले, ८०० रुपये. हबच्या नटाला लागणारा मोठा सॉकेट माझ्याकडे नाही, म्हणून दोन्ही हबची सीलं मेस्त्रींकडून बदलून घेतली. मजुरी १२००, सीलं ३००. ब्रेक क्लीनरचा डबा ३००.

पिनियनचं सील मीच करणार.

१९ ऑक्टोबर, शनिवार

परतीचा पाऊस. शेडमध्ये असल्यानं काम थांबलं नाही.

गिअरबॉक्सपासून हाऊसिंगपर्यंत येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट काढले. काढायच्या आधी दोन्ही फ्लँजवर, म्हणजे बोल्टनं जोडलेल्या तबकड्यांवर, पंचनं खूण केली, म्हणजे शाफ्ट होता त्याच बाजूनं परत बसेल. पुढचं काम पिनियनचा मोठा नट. तो सोडताना फ्लँज फिरू नये म्हणून भंगारातून दीड सूत जाडीची लोखंडी पट्टी आणली, ६० रुपये, तिला दोन भोकं पाडली आणि फ्लँजला बोल्टनं आवळली. पट्टीचं दुसरं टोक जमिनीवर टेकतं. चाकांत लाकूड अडकवून नट सोडायच्या भानगडीत पडू नका, सगळा ताण गिअरच्या दातांवर येतो.

इथे एक माहिती महत्त्वाची. या बँजो हाऊसिंगमध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मध्ये घन नळी आणि पातळ चकत्या असतात. नट काढून पुन्हा ठरलेल्या ताणानं आवळला की बेअरिंगचं बसणं होतं तसंच येतं. नंतरच्या एमजीबीला जे नळीवजा हाऊसिंग आलं त्यात दबणारी नळी आहे, तिथे हा नट असा सहज सोडायचा नाही. तुमच्याकडे कुठलं हाऊसिंग आहे ते आधी बघा.

फ्लँज हातानं निघाली. सील कडक होऊन तडकलेलं. फ्लँजच्या कॉलरवर सीलच्या ओठानं खाच पाडली होती, नखाला लागेल एवढी. नवं सील जुन्याच जागी बसवलं तर त्याचा ओठ त्याच खाचेत जाणार आणि गळती तशीच राहणार. लेथवर घासून घेतलं तर कॉलरचा व्यास कमी होतो. म्हणून नवं सील मुद्दाम दीड-दोन मिलिमीटर बाहेर ठेवलं, ओठ कोऱ्या जागेवर आला.

सील विकत घेताना गाडीचं नाव सांगू नका. दुकानदार मान हलवतो आणि विषय संपतो. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, अशी तीन मापं व्हर्नियरनं घेऊन बेअरिंगच्या दुकानात दिली. त्यानं विचारलं, "ॲम्बेसेडरचं का?" मी म्हटलं, "नात्यातलंच आहे." १४० रुपये.

२० ऑक्टोबर, रविवार

पिनियनच्या नटाला १४० फूट-पाउंड ताण हवा. माझा टॉर्क पाना मोटरसायकलच्या कामाचा, तिथपर्यंत पोचत नाही. शेजाऱ्यांकडे सुपारी तोलायचा टांगता काटा आहे, तो मागून आणला. १४० फूट-पाउंड म्हणजे साधारण १९.३५ किलोग्रॅम-मीटर. सॉकेटच्या दांड्यावर नळी चढवली, नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर खूण केली, तिथे काटा अडकवला आणि दांड्याला काटकोनात राहील असा ओढला. १९ किलो ३५० ग्रॅमवर थांबलो. धाकटी मुलगी काट्याचा आकडा मोठ्यानं वाचत होती. खाली आडवं पडून दोन्ही गोष्टी एकट्यानं होत नाहीत.

नंतर पिनियन हातानं फिरवून पाहिलं. आधीइतकंच जड, कुठे अडकणं नाही, पुढेमागे खेळ नाही.

नवा प्लग लेथवाल्याकडून आला होता, ३५० रुपये. तेल घेतलं ईपी नव्वद, जीएल-५. लिटरला ४२० रुपये. हेच तेल घाईत गिअरबॉक्समध्ये घालू नका, एमजीएचा गिअरबॉक्स इंजिन ऑइलवरच चालतो. जीएल-५मधली गंधकाची द्रव्यं पितळी भागांना सोसतीलच असं नाही.

तेल भरताना कॅन गरम पाण्याच्या बादलीत ठेवला, मग नरसाळं आणि नळी लावून मडगार्डला टांगला. आपोआप उतरत राहतं, खाली पडून दाबत बसावं लागत नाही. भोकातून ओघळ येईपर्यंत भरलं. दीड लिटर गेलं. मला वाटलं, कोरडं हाऊसिंग आहे, नळ्यांत गेलं असेल. आकडा पाठ होता आणि तरी मी थांबलो नाही.

संध्याकाळी चाकं, ड्रम, शाफ्ट सगळं बसवलं. खाली स्वच्छ पुठ्ठा.

२१ ते २५ ऑक्टोबर

सोमवारी फोंडा बाजारातून फेरी, पंधरा किलोमीटर. पुठ्ठा कोरडा. बुधवारी मंगेशीपर्यंत जाऊन आलो. गुरुवारी सकाळी पुठ्ठ्यावर पिनियनखाली रुपयाएवढा डाग. शुक्रवारी तो वाढला होता.

त्या रात्री फार वाईट वाटलं. सील उलटं बसलं का? ओठ दुमडला का? दोन मिलिमीटर बाहेर ठेवलं तेच चुकलं का? उद्या पुन्हा उघडायचं म्हणून दुसरं सील आणून ठेवलं, आणखी १४०.

२६ ऑक्टोबर, शनिवार

उघडायच्या आधी मेस्त्रींना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "तेल भरलंस तेव्हा गाडी सरळ होती?"

नव्हती. मागची बाजू घोड्यांवर, पुढची चाकं जमिनीवर. गाडीचं नाक खाली म्हणजे हाऊसिंगचंही नाक खाली, आणि भरायचं भोक मागच्या अंगाला. तेल पुढे पिनियनकडे साचत राहिलं आणि भोकापर्यंत यायला जास्त लागलं. दीड लिटरचं कोडं तिथे सुटलं.

आज फणसाच्या लाकडाचे ठोकळे पुढच्या चाकांखाली घातले. गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी घेतली, एक टोक पुढे, एक मागे, आणि दोन्ही बाजूंनी चासी समपातळीत आणली. वरचा प्लग सोडला तर तेलाची धार लागली. थांबल्यावर मोजलं, जवळपास २०० मिलिलिटर. म्हणजे हिशेब जुळला.

सील उघडलं नाही. कारण सापडलं म्हणून समाधान होतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

बोरीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. परत डाग. लहान, पण आहे.

३० ऑक्टोबर, बुधवार

वाड्यावरची पोरं पंधरा दिवस आमच्या शेडला लागून नरकासुर, म्हणजे दिवाळीच्या पहाटे जाळायचा पुतळा, करत होती, आज रात्री तो उभा राहिला. गाडीवर ठिणगी नको म्हणून ताडपत्री घातली, टाकीतलं पेट्रोल काढून ठेवलं. चार दिवस काम बंद.

३ नोव्हेंबर, रविवार

सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच.

सकाळी पातळी पुन्हा बघावी म्हणून, वीस किलोमीटर फिरवून आणलेली गाडी तशीच गरम असताना ठोकळ्यांवर चढवली आणि वरचा प्लग सोडला. शेवटचा आटा सुटताना फुस्स करून हवा बाहेर आली. तेलाचे दोन थेंबही उडाले.

बंद डब्यात हवा दाबून भरली होती. हाऊसिंगमध्ये दाब राहायलाच नको. त्यासाठी वरच्या अंगाला एक लहानसा श्वासनळ असतो, बोटाच्या पेरापेक्षाही छोटा. तेल तापलं की हवा फुगून त्यातून बाहेर जाते, गार झालं की आत येते.

तो शोधायलाच दहा मिनिटं लागली. शॉक ॲब्सॉर्बरजवळ कुंभारमाशीचं मातीचं घर दिसलं, म्हणून आधी वाटलं तिनंच माती भरली. खरवडलं तर खाली माती नव्हती. डांबरासारखा काळा थर होता. तो मी ओळखला. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वी गंज लागू नये म्हणून गाडीला खालून अँटी-रस्टचा थर मारला होता. मारणारा मीच. समुद्राची खारी हवा इथपर्यंत येते, आम्ही सगळेच खालून थर मारतो. पण त्या दिवशी मी ब्रेकच्या नळ्यांना आणि सायलेन्सरला कागद गुंडाळला आणि श्वासनळाला नाही. तिथे असं काही असतं याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

आता सगळं एका ओळीत येतं. श्वासनळ मे महिन्यापासून बंद. गाडी चालली की आत दाब, दाबानं तेल पिनियनच्या सीलमधून बाहेर आणि डाव्या हबमधून ब्रेकवर. चवथीत पाण्यातून गेलो तेव्हा तापलेलं हाऊसिंग एकदम गार झालं, आत हवा आकसली, आणि त्या ओढीनं सीलमधून पाणी आत. कॉफी तिथून झाली. जुनं सील तडकलेलं होतंच, ते बदलायलाच हवं होतं. पण नवं सील घातल्यावरही गळत होतं त्याचं कारण सीलच्या दोन बोटं वरती होतं, आणि मी चार आठवडे खालीच बघत होतो.

श्वासनळ काढला, पेट्रोलमध्ये बुडवून ठेवला, तांब्याच्या बारीक तारेनं साफ केला, फुंकून पाहिला. आरपार हवा जाते. बसवून त्याच्या भोवती अंगठ्याएवढी जागा पुसून मोकळी ठेवली. खर्च शून्य, वेळ चाळीस मिनिटं, त्यातला अर्धा वेळ शोधण्यात.

१० नोव्हेंबर, रविवार

धुतल्यानंतरही आत थोडी ओल राहिली असणार म्हणून तेल पुन्हा पूर्ण सोडलं. रंग जवळजवळ स्वच्छ, तळाला किंचित दुधी रेघ. सोडलं ते बरं झालं. गाडी चारही बाजूंनी समपातळीत, आणि १.२८ लिटर आधीच मोजून बाजूला काढलेलं. शेवटचा चमचाभर गेला आणि भोकाच्या कडेवर तेल आलं. आकडा आणि भोक दोघांचं एकदाचं पटलं.

दुपारी उसगाव, तिस्क, धारबांदोडा करत मोलेपर्यंत गेलो. घाट चढलो नाही, नवे लायनर अजून बसायचे आहेत. ताशी पस्तीस मैलांच्या आसपास मागून जी गुणगुण यायची ती थोडी कमी वाटली. पूर्ण गेली नाही. ती दातांची झीज आहे, तेलानं भरून येणारी नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर आवाज बदलत नाही, एवढ्यावर आज भागवतो.

मोल्याला थांबून हाऊसिंगला हात लावून पाहिला. गरम, पण हात ठेवता येतो. श्वासनळाजवळ बोट धरलं तर तेलाचा वास येत होता, म्हणजे हवा फिरते आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

मधल्या दोन आठवड्यांत साधारण तीनशे किलोमीटर. पुठ्ठा कोरडा. डावा ड्रम उघडून पाहिला, लायनर कोरडे, कडेला ब्रेकची धूळ आहे तीही सुकी. वरचा प्लग सोडला, हवा सुटली नाही, पातळी जागेवर.

एकूण खर्च ५,१३० रुपये. तेलाचे चार लिटर १,६८०, बाकी सॉकेट, प्लग, दोन सीलं, हबचं काम, लायनर, क्लीनर आणि ती पट्टी. नुसतं तेल बदलणं असतं तर ८४० मध्ये भागलं असतं. दुसरं पिनियन सील न उघडता तसंच फळीवर आहे, पाकिटावर तारीख आणि तिन्ही मापं लिहून ठेवली.

मेस्त्रींना श्वासनळाचं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मी वेल्डिंगचा विचार करत बसलो. हे मीच आधी बघायला हवं होतं रे." त्यांच्या गॅरेजमागे एक ॲम्बेसेडर उभी आहे, तिच्याही हाऊसिंगखाली डाग आहे. आम्ही दोघं मागे गेलो. तिचा श्वासनळ रंगानं भरलेला होता. त्यांनी तार मागितली, मी दिली.

आता पुढचं काम प्रोपेलर शाफ्टचा मागचा क्रॉस, म्हणजे सांधा. शाफ्ट खाली होता तेव्हा एका बाजूला किंचित खेळ जाणवला होता, तो त्याच वेळी बदलायला हवा होता. पुन्हा चार बोल्ट, पुन्हा पंचच्या खुणा जुळवणं. खुणा अजून स्पष्ट दिसतात.